बाहेरचं दार

तुरुंगातून सुटून आलेला पोरगा घरातल्या प्रत्येक बंद दारासमोर नुसता उभा राहायचा. तुरुंगात दार कायम दुसऱ्यानंच उघडायचं, ती सवय हाडीमाशी मुरलेली. आईचा हात लगेच कडीकडे जाई. पण कैद्यांच्या घरच्यांना सांभाळून घेणाऱ्या संस्थेतल्या ताईंनी तिला बजावलं होतं, "मावशी, जीव कितीही तुटला तरी दार त्यालाच उघडू द्या."

आज त्याचा कामाचा पहिला दिवस. ताईंनीच त्याला एका सुतारखान्यात चिकटवून दिलं होतं. डबा घेऊन तो बाहेरच्या दारापाशी गेला आणि थबकला. स्वयंपाकघरात आईनं दोन्ही हात मुद्दाम कणकेत रुतवले.

"उशीर होईल हं," एवढंच ती म्हणाली.

बराच वेळ काही हललं नाही. मग कडी वाजली.

थोड्या वेळानं शेजारीण डोकावली. "अहो, तुमचे चिरंजीव दार सताड उघडं टाकून गेलेत!"

आई कणकेच्या हातांनीच बाहेर आली, ताठ मानेनं.

"त्याचं त्यानं उघडलंय. संध्याकाळी तो येईपर्यंत कुणी हात लावायचा नाही त्या दाराला."