विस्तवाचा वाटा

रेनडिअर चारायला आम्ही रानात तंबू ठोकून राहायचो, तेव्हा कॉफी ईसातमामा करायचा. किटलीतली पहिली धार तो विस्तवात सोडायचा, कारण तिच्यात सगळा गाळ यायचा. आम्हा सामी लोकांवर संशोधन करायला आलेल्या बाईंनी विचारलं, "हे कोणासाठी?"

"विस्तवासाठी. माणसं कुठे पिणार असलं?" मामा म्हणाला.

बाईंच्या पुस्तकात 'अग्निदेवीचा नैवेद्य' नावाचं अख्खं प्रकरण आलं आणि ते पुस्तक आमच्या शाळेत लागलं. यंदा मामीने जाळीची किटली आणली. गाळ यायचा थांबला, तशी मामाची धारही थांबली. त्याची लेक बिरेत उखडली.

"बाबा, आपलं म्हणून एवढं तरी जप की."

"अगं, गाळ होता तो."

"तुला काय माहीत? पुस्तकात दिलंय."

मामा पोट धरून हसला. पुढे आठवडाभर तिला खिजवायला, तिच्यासमोर पहिला घोट तो स्वतःच प्यायला.

आठव्या दिवशी नदीवरचा बर्फ फुटला आणि कळपाचा म्होरक्या रेनडिअर बुडाला.

आज सकाळी तंबूत कोणी नाही असं बघून मामाने पहिला कप अख्खा विस्तवात ओतला. मी बाहेरून ऐकत होतो.



"देवी, आजची नीट गाळलीय," तो हळूच म्हणाला. "इतकी वर्षं जे पाजलं, ते मनावर घेऊ नकोस."