उपवासकाळातलं विमान

प्लासिडने माळ्यावरची लाकडी पेटी उघडली आणि डोळे बारीक करून तो आत वाकला. विमानाच्या डाव्या पंखावर ठिगळ होतं. पतंगाच्या कागदाचं, हातभर अंतरावरून दिसूही नये इतकं सफाईदार. आणि ते त्याने लावलेलं नव्हतं.

खरं तर पेटी उघडायचीच त्याला बंदी होती. ईस्टरआधीचे चाळीस दिवस सुरू होतात त्या राखेच्या बुधवारी गावातला प्रत्येक जण उपवासकाळापुरतं काही ना काही सोडतो. कोणी मटण, कोणी विडी, कोणी ताडी. यंदा त्याच्या बायकोने, क्लाराने, चर्चच्या पायरीवर फादरांसमोरच सांगून टाकलं, "ह्यांचा जीव त्या विमानात आहे. ते सोडलं तर खरा उपास." फादरांनी मान डोलावली आणि प्लासिडला चारचौघांत विमान सोडावं लागलं. ईस्टरपर्यंत पेटीला हात लावायचा नाही. लावला, तर चर्चच्या सणाला सोडतीत पहिलं बक्षीस म्हणून विमान जाणार. उपवासकाळात रविवार मोजत नाहीत, अशी पळवाट त्याने काढून पाहिली. फादर नुसते हसले.

विमान साधंसुधं नव्हतं. मेहुणा फ्रेडरिक बोटीवर होता. त्याने हॅम्बुर्गहून विजेची छोटी मोटर, पुन्हापुन्हा चार्ज होणारे सेल आणि रेडिओचा कंट्रोल आणून दिला होता. सांगाडा प्लासिडने स्वतः बांधला. परदेशी, हलकं बाल्सा लाकूड कमी पडलं तिथे पांगारा तासून घातला. गोखिवऱ्याच्या कारखान्यात दिवसभर पंपांच्या मोटरी दुरुस्त करायच्या आणि घरी येऊन विमानाचा तोल साधायला शेपटीत गुंजभर शिसं घालायचं, काढायचं, पुन्हा घालायचं. एवढं करून ते उडे चार मिनिटं. पण त्या चार मिनिटांत प्लासिड राजा असे. एकदा क्लाराने कंट्रोलकडे हात नेला, तर "बायकांचं काम नाही ते," म्हणून त्याने तो उचलून छातीशी धरला होता.

आज माळ्यावर चढण्यामागे मात्र त्याचा हेतू शुद्ध होता. निदान त्याने स्वतःची तशी समजूत घातली होती. सेल महिनाभर रिकामे पडले तर मरतात. मरणाऱ्याला वाचवणं पाप कसं? त्याने मीटर लावला. सेल काठोकाठ भरलेले! चाकात भाताची धसकटं अडकलेली. पंख बांधायचे रबर नवे कोरे.

कोणीतरी त्याचं विमान उडवत होतं. तेही चांगलं जपून.

प्लासिडच्या अंगाचा तिळपापड झाला. पण ओरडणार कुणाकडे? चोरी झाली म्हणावं, तर पेटी उघडल्याची कबुली द्यावी लागणार आणि विमान सोडतीत जाणार. तोंड दाबून बुक्क्यांचा मार. त्याने पेटी होती तशी लावली आणि चोराला रंगेहाथ पकडायचं ठरवलं.

पहिला संशय शेजारच्या एकनाथवर. भात कापून मोकळं पडलेलं त्याचं शेत हाच तर विमानतळ होता.

"एकनाथराव, शेतात हल्ली कसली घरघर ऐकू येते काय हो?"

"तुमचा तर उपास ना?" एकनाथ काडीने दात कोरत म्हणाला. "मग घरघर कोन करनार?"

आणि तो असा गालात हसला की प्लासिडची खात्रीच पटली.

शनिवारी पोटदुखीचं सांगून तो कारखान्यातून दुपारीच निसटला. घरी क्लारा नव्हती. ती ह्या वेळी चर्चमध्ये वेदीची झाडलोट करायला जाते. प्लासिड शेतातल्या पेंढ्याच्या उडवीमागे जाऊन दबा धरून बसला. मानेत कुसळं शिरली तरी हलला नाही. चारच्या सुमाराला ओळखीची घरघर सुरू झाली.

विमान बांधावरून उठलं, ताडांच्या शेंड्यांवरून सुरेख वळलं आणि वाऱ्यावर अलगद तरंगत राहिलं. प्लासिडच्या हातात ते नेहमी धडपडे. आज ते असं उडत होतं की त्याचा राग घटकाभर कुठल्या कुठे गेला. आपण केलेली वस्तू इतकी देखणी आहे हे त्याला आजच कळलं, आणि त्याला पोटातून हेवा वाटला. मग त्याने उडवीच्या कडेने मान काढली.

शेताच्या मधोमध, पदर खोचून, कंट्रोल हातात धरून क्लारा उभी होती.

"क्लारा!" तो उडी मारून पुढे आला. "फादरांसमोर मला शपथ घालतेस आणि स्वतः..."

"ओरडू नका, उतरवतेय," ती आभाळावरची नजर न काढता म्हणाली. विमान धसकटांवर एवढंसं उसळून थांबलं. मग ती वळली. "उपास तुमचा. मी साखर सोडलीय."

चोर तर सापडला होता, आता शिक्षा कसली द्यायची ह्याचा प्लासिड विचार करू लागला.

"पण मी विमान काढते हे तुम्हाला कळलं कसं?" क्लाराने विचारलं.

प्लासिड मानेतली कुसळं काढू लागला.

क्लाराने विमान उचललं, चाकातली धसकटं एकेक करून काढली आणि पंखावरची धूळ पदराने पुसली.

"घाबरू नका, पेटी उघडलीत ते फादरांना नाही सांगत," ती म्हणाली. "पण पुढच्या वर्षीही तुम्ही विमानच सोडायचं. मला अजून कोलांटी मारता येत नाही."