शिडाच्या होडीतली गाणी

"हे?" स्वप्नालीने मोबाइलवर गाणं लावलं आणि बापाकडे पाहिलं.

चिमाजीने तिच्या पायाकडे पाहिलं. अंगठा ताल धरत होता.

"घे," तो म्हणाला.

"आणि हे?"

अंगठा थांबला. पोरीची मान जराशी कलली.

"नको. रडकं आहे. होडीत बसून काय रडायचं?"

"बघा! मलाही अगदी तेच वाटलं," स्वप्नाली ओरडली. या घरात सगळे ओरडूनच बोलत. भोसरीच्या त्या चाळीत सगळ्यांना माहीत होतं, कंपनीत लोखंड ठोकणाऱ्या हॅमरवर काम करणाऱ्याचं घर आहे, सवय असते.

गुरुवारी कंपनीने चिमाजीला हार, नारळ आणि भिंतीवरचं घड्याळ देऊन निरोप दिला होता. उद्या सकाळच्या एसटीने तो गावी, खाडीकाठी निघणार होता. तिथे धाकट्या भावाची, भिमाजीची शिडाची होडी होती. खाडीत रेंज नाही, म्हणून स्वप्नालीने मुठीएवढा स्पीकर आणला होता आणि सकाळपासून त्याच्या कार्डात गाणी भरणं चाललं होतं. आप्पा होडीत एकटेच बसणार, तर सोबतीला काही असावं.

गेली कित्येक वर्षं चिमाजी भावाला व्हिडिओ कॉलवर एकच प्रश्न विचारी, "इंजिन नाही ना बसवलंस?" भिमाजी उत्तर न देता मोबाइल होडीकडे फिरवी. त्याला वाटे, थोरल्याला शिडाचं वेड आहे. वेडबिड काही नव्हतं. शिडाच्या होडीला आवाज नसतो, एवढंच. चिमाजीच्या मते त्याचे कान गेलेले नव्हतेच, कानांत कंपनी भरली होती. कंपनी सुटली आणि आजूबाजूला पाण्याशिवाय काही उरलं नाही की कान आपसूक रिकामे होतील, असं त्याने मनाशी धरून ठेवलं होतं.

कंपनीत दरवर्षी कान तपासायला गाडी यायची. काचेच्या केबिनमध्ये बसायचं, कानांवर हेडफोन, बारीक शिट्टी ऐकू आली की बोट वर करायचं. ज्याचं बोट चुकलं त्याला हॅमरवरून काढून कमी पगाराच्या पॅकिंगला टाकत. पहिल्याच वर्षी शेजारच्या हॅमरवरचा सोपानराव कानाशी येऊन म्हणाला होता, "भावा, कान राहू दे. समोरच्या काचेत बघ. शिट्टीचं बटण दाबताना तपासणाऱ्या माणसाचा कोपर हलतो." सोपानरावाचं बोलणं तेव्हा नीट ऐकू आलं होतं. पुढे बावीस वर्षं चिमाजीचा रिपोर्ट नॉर्मल आला. रिपोर्टांची ती फाइल स्वप्नालीने जपून ठेवली होती. आपल्या आप्पांचे कान हॅमर शॉपमध्ये राहूनही शाबूत आहेत, हे ती मैत्रिणींना कौतुकाने सांगे.

"आता शेवटचं," ती म्हणाली. "आईचं."

चिमाजी खाटेवर सरळ बसला. विजयश्रीने स्वप्नालीच्याच हळदीत गायलेलं गाणं. दोन मिनिटांचं होतं. कुणीतरी मोबाइलवर घेतलं होतं, आणि त्यानंतरच्या पावसाळ्यात विजयश्री गेली. होडीत त्याला खरं म्हणजे एवढंच ऐकायचं होतं. बाकीची चाळीस गाणी पोरीच्या समाधानासाठी होती.

"पंखा बंद कर," तो म्हणाला. "खिडकी पण."

स्वप्नालीने दोन्ही केलं. स्पीकर त्याच्या हातात दिला. त्यावरचा निळा दिवा लुकलुकायला लागला. चिमाजीने तो कानाला टेकवला, मग दुसऱ्या कानाला.

पंखा नव्हता, रस्ता नव्हता, कंपनी तर गुरुवारीच संपली होती. उरली ती शिट्टी. सीऽऽ करत एकसारखी, डोक्याच्या आत, हवेच्या फुटक्या पाइपसारखी. खाडीत तरी याहून शांत काय असणार होतं? ही शिट्टी त्याच्या आधी होडीत चढून बसणार होती.

त्याने स्पीकर खाली ठेवला आणि पोरीकडे पाहिलं. तिचे डोळे भरले होते, ओठ गाण्याबरोबर हलत होते.

"काय गळा होता!" तो म्हणाला. "हे पहिलं घाल. सगळ्यांच्या आधी."

स्वप्नाली त्याच्याकडे बघत राहिली. तिचे ओठ थांबले होते.

"आप्पा, हे गाणं मघाशीच संपलं. मी नुसतीच गुणगुणत होते." मग ती जवळ आली, आणि घरात कधी नव्हे इतक्या हळू काहीतरी बोलली. चिमाजीने ओठ वाचले. 'तुम्ही गाणं ऐकताय, की मला बघताय?'

"दोन्ही," तो हसून म्हणाला. "बाप आहे मी तुझा."

ती हसली नाही. तिने मोबाइल उचलला, स्पीकर उचलला. "मी पाठ करून उभी राहते," ती एकेक शब्द तोडून म्हणाली. "आईचं गाणं लावलं की बोट वर करा."

ती भिंतीकडे तोंड करून उभी राहिली. बाजूच्या भिंतीला लोखंडी कपाट होतं. कपाटाच्या दाराला आरसा होता, कडेने पारा उडालेला. त्यात तिचा उजवा कोपर तेवढा दिसत होता.

चिमाजीने आरशावर नजर रोखली. श्वास धरला. बावीस वर्षं काचेच्या केबिनमध्ये बसावं तसा बसला.

कोपर हलला.

चिमाजीने बोट वर केलं.

स्वप्नाली वळली. मोबाइल आणि स्पीकर, दोन्ही तिच्या डाव्या हातात होते, स्पीकरचा दिवा विझलेला. उजव्या हातात ओढणीचं टोक होतं, डोळ्यांशी धरलेलं. समोर खाटेवर आप्पा बसले होते, बोट ताठ वर, वर्गात सगळ्यांच्या आधी उत्तर सापडलेल्या पोरासारखे.