अर्धी दाढी
"तुझे अप्पा हल्ली अर्धीच दाढी करून फिरतात गं, एकदा येऊन बघ," असं शेजारच्या नेवाळकर काकू फोनवर म्हणाल्या, तेव्हा मृण्मयी हसली होती. "अहो काकू, रेझर बोथट झाला असेल त्यांचा!"

महिन्याभराने लेकीला कडेवर घेऊन ती मिरजेला, एकट्या राहणाऱ्या वडिलांकडे गेली. जाताना अप्पांसाठी चांगला महागडा रेझर घेतला. दांडीवरची चकती फिरवली की पातं एक ते सहा नंबरांत कमी-जास्त उघडायचं. अप्पा खूश. "आत्ताच ट्रायल घेतो," म्हणाले. तिनेच हौसेने ब्रशने त्यांच्या चेहराभर फेस लावून दिला. त्यांनी चकती तीनवर आणली, उजवा गाल गुळगुळीत केला, रेझर धुतला आणि "लोण्यासारखा चालतो गं!" म्हणत आरशासमोरून उठले.

डावा गाल फेसाने पांढराशुभ्र होता.

"अप्पा, डावी बाजू राहिली."

"राहिली कुठे? झाली की!"

चेष्टा करताहेत, असं तिला वाटलं. मग त्यांच्या डावीकडे जाऊन तिने लेकीला पुढे केलं. पोर "आबा, आबा" करत होती आणि अप्पा उजवीकडे शोधत होते, "कुठाय गं माझी बबडी?"

मेंदूच्या उजव्या भागात गुठळी झाल्याने त्यांना डावी बाजू जाणवतच नाही आणि ती गुठळी निदान महिन्यापूर्वीची आहे, असं दवाखान्यात डॉक्टर म्हणाले. तेव्हाच आणलं असतं तर... पुढचं तिला ऐकवेना.

तुमचंही कुणी लांब एकटं राहत असेल, तर नुसतं फोनवर विचारू नका. ते "मी मजेत" म्हणतील, आणि त्यांना खरंच तसं वाटत असेल. आजच जाऊन या.