तिसऱ्या खुर्चीतला वाचक

ग्रंथपाल सत्यशीलाबाई ऑनलाइन परीक्षेत पास झाल्या आणि नागभीडजवळचं त्यांचं वाचनालय वाचलं. आता हे तुम्ही ऐकलंच नाही असं धरा, कारण त्या सकाळी बाईंना लॅपटॉप उघडणंही जमत नव्हतं.

अट एकच होती. कॅमेऱ्यात एक तरी वाचक दिसला पाहिजे, नाहीतर वाचनालयाला कुलूप.

"वाचक कुठी हायेत, बाई?" लॅपटॉप कसाबसा उघडल्यावर स्क्रीनवरून परीक्षक रश्मी मॅडमनी विचारलं.

"कुठून आणू, मॅडम? सारं गाव शेतात धानाच्या रोवण्यावर गेलं."

"बरं, आधी बॅकग्राउंड ब्लर करून दाखवा."

बाईंनी पहिल्याच फटक्यात बरोबर बटण दाबलं. कपाटं, कॅलेंडर, बंद पंखा, सगळं अंधुक झालं. ब्लरमध्ये फक्त माणूस स्पष्ट राहतो, तशा बाई राहिल्या. मागची रिकामी तिसरी खुर्चीही स्पष्ट राहिली.

"मशीन दोन माणसं दाखवून राह्यली. म्हणजे वाचक हायेत. पास!" मॅडम म्हणाल्या.

बाईंनी वळून पाहिलं. खुर्चीसमोरच्या वर्तमानपत्राचं पान सावकाश उलटलं.

संध्याकाळी बाईंनी कोणालाही न विचारता रश्मी मॅडमना आयुष्यातला पहिला ईमेल पाठवला:

"महोदया, वाचनालय बंद करण्याची वेळ झाली आहे. तिसऱ्या खुर्चीवरील वाचक उठत नाहीत. तरी त्यांना घर असल्यास तेथे जाण्याचे लेखी आदेश द्यावेत, ही नम्र विनंती."