चौथी चौकट

कोरं. कोरं. लाल. कोरं.

शाळेच्या खिडक्यांना माणसं चिकटली होती. आत बाई एकेक मतपत्रिका उलगडून दाखवत होत्या आणि मोठ्यानं पुकारत होत्या. बाहेर अख्खं सान ओनोरियो गाव उभं होतं. महापौर निवडायचा होता. कागदावर चार चौकटी. पहिलीत लाल पक्षाच्या माणसाचा फोटो, दुसरीत निळ्याच्या. तिसरीत अनीबाल रेन्तेरिया. चौथी रिकामी. यातलं कुणीच नको म्हणणाऱ्यांची.

निळं. कोरं. कोरं.

निदिया पालोमेके गज धरून उभी होती. हाताला अजून मासे तळल्याचा वास. सबंध पावसाळा तिनं नदीकाठची घरं पालथी घातली होती. लाल आले, पत्रे वाटून गेले. निळे आले, सिमेंट वाटून गेले. नळ कोरडेच. बायका होडीतून पाणी आणत होत्या.

"पत्रे घ्या, सिमेंट घ्या," ती दारोदार सांगायची, "आणि फुली चौथीत मारा. निम्म्याहून जास्त मतं कोरी पडली तर निवडणूक रद्द. परत घ्यावी लागते. आणि या जुन्यांना परत उभं राहता येत नाही. कायदाच आहे!"

"मग उभं कोण राहणार? तुझा तळलेला मासा?" म्हाताऱ्या चिडवायच्या.

"अनीबाल."

यावर कुणी हसायचं नाही. अनीबाल होड्यांची इंजिनं दुरुस्त करायचा. गावाला हाक मारून, सगळ्यांच्या हातांनी, त्यानं ओढ्यावरून पाण्याचा पाइप आणला होता. परवानगी नाही म्हणून सत्तेवरच्या निळ्यांनी तो उखडला. त्या रागात अनीबालनं अर्ज भरला. एकटा. पण लालांच्या घरातला माणूस जीव गेला तरी दुसऱ्याच्या फोटोवर फुली मारत नाही, निळ्यांच्या घरातला तर नाहीच. बाप-आजाचा पक्ष. कोरं मत मात्र गद्दारी नव्हे. ही युक्ती निदियाची: आधी जुने बाद, मग पुढच्या खेपेला अनीबाल.

"कोमाद्रे, मी माघार घेतो," अनीबाल म्हणाला होता. तिच्या मुलीचा तो बाप्तिस्म्यातला बाप, म्हणून ही हाक. "माझ्यापायी उगाच कोरी मतं फुटतील."

"राहू द्या हो. फुकटात फोटो छापून येतोय. पुढच्या खेपेला लोक चेहरा तरी ओळखतील."

त्यानं ऐकलं. तो तिचं ऐकायचा.

कोरं. लाल. अनीबाल.

खिडकीबाहेर हशा पिकला. "अरे, हा कोण शहाणा?" कुणीतरी ओरडलं. अनीबालनं टोपी काढून गर्दीला वाकून नमस्कार केला. हशा आणखी वाढला.

कोरं. कोरं. निळं. लाल. लाल. कोरं.

मग आत बेरीज.

कोरी मतं निम्म्याच्या पुढे. जेमतेम, पण पुढे.

ढोल वाजला. खिडक्याखिडक्यांतून कोऱ्या मताची खूण म्हणून पांढऱ्या चादरी फडकल्या. मतदानापायी दारूची दुकानं बंद, म्हणून गुळाच्या पाण्याचे पेले फिरू लागले. बायका निदियाला उचलायला आल्या, तिनं त्यांना ढकललं, मग स्वतःच रडायला लागली.

गर्दी बाजूला झाली. एवेलियोसाहेब आले. लाल पक्ष म्हणजे एवेलियोसाहेब. पत्र्यांचं दुकान त्यांचंच.

"शाबास, पोरी."

"साहेब, तुमचा माणूस गेला."

"गेला." त्यांनी कुणाच्या तरी हातातला पेला घेतला, एक घोट प्यायले. "मला भाचे पुष्कळ आहेत. निळ्यांकडे जावई आहेत. फोटो नवे लागतील, एवढंच."

"लावा की भाचे. आमच्याकडे अनीबाल आहे."

एवेलियोसाहेबांनी तिच्याकडे पाहिलं. ते हसले असते तर बरं झालं असतं. ते हसले नाहीत.

"कायद्याला जुना कोण, नवा कोण, ते कळत नाही, पोरी. कागदावर ज्याचा फोटो, तो बाद. आमचा बाद. त्यांचा बाद. तुमचाही बाद. अनीबालनं माघार घेतली असती, तर मात्र या खेपेला मला झोप लागली नसती."

पेला तिच्या हातात देऊन ते गेले.

पेला तसाच धरून निदिया गर्दीत अनीबालला शोधू लागली.

ढोल वाजत होता. चादरींखालून वाट काढत अनीबाल तिच्याकडे येत होता. टोपी मागे सरकलेली, शर्ट घामानं भिजलेला. ज्याला त्याला मिठी मारत होता. लालांना, निळ्यांना, समोर येईल त्याला. तिच्यापाशी पोचला तेव्हा त्याला धाप लागली होती.

"कुणाला सांगू नका हं, कोमाद्रे," तो तिच्या कानाशी वाकला, "आज मीसुद्धा चौथीतच फुली मारली."