सामाईक धुराडं

"पाइप देता का न्हाई, काकू? वर ऊन लागून राहिलं," पत्र्यावर बसलेल्या भावसिंग मिस्त्रीनं पुन्हा विचारलं.

जनकाबाई खाली अंगणात पाइप कवटाळून उभी होती. तिला तो देववत नव्हता.

भावाभावांची वाटणी झाली तेव्हा स्वयंपाकघराच्या मधोमध भिंत घातली गेली. अलीकडं थोरल्या जनकाबाईची चूल, पलीकडं धाकट्या जावेची, चतुराबाईची. धुराडं मात्र भिंतीत एकच राहिलं, दोघींचं सामाईक. तेही बुटकं. वारा आला की धूर उलटा फिरून दोन्ही घरांत शिरायचा. गॅस होता, पण तो चहापुरता. भाकरी आणि न्हाणीचं पाणी चुलीवरच.

धुराडं उंच केलं की धूर जातो, हे काय जनकाबाईला कळत नव्हतं? चांगलं कळत होतं. पण मग चतुराबाईचाही धूर जाणार. मिस्त्री आपण आणायचा आणि त्या भवानीनं आयतं निवांत बसून भाकरी थापायच्या? आधीच तिच्या भाकरीचं गावभर कौतुक. पलीकडून तिचा खोकला ऐकू आला की जनकाबाईच्या जिवाला कसं गार वाटायचं. आपले डोळे चुरचुरले तर चुरचुरू देत.

मग लेक वैष्णवी पहिल्या बाळंतपणाला माहेरी आली. लेकरू महिन्याचं झालं आणि धुरानं खोकायला लागलं. नवऱ्यानं कालच्या बाजारातून पाइप आणला, तरी जनकाबाईनं तो कोपऱ्यातच ठेवला. आज सकाळी वैष्णवीनं बॅग भरायला घेतली.

"आई, हा धूर आज गेला नाही तर मी लेकरू घेऊन सासरी चालले. मग बोलवू नको."

म्हणून तर मिस्त्री आला होता. जनकाबाईनं एकदाचा पाइप वर दिला. भावसिंगनं तो धुराड्यावर धरून पाहिला आणि मान हलवली.

"एकानं भागत न्हाई, काकू. आढ्याच्या वर गेला पाहिजे, न्हाई तर वारा धूर खालीच दाबंल. आणखी एक लागतो."

"आता कुठून आणू? गोरेगावचा बाजार कालच झाला."

"चतुराकाकूकडं हाय की. मागल्या साली आणला त्यांनी. मला वर चढवलं अन् लगेच खाली उतरवलं. म्हणल्या, राहू दे, थोरलीचा बी धूर जाईल."

जनकाबाईचं टाळकं सणकलं. पाइप घरात ठेवून ही बया वर्षभर धूर खात बसली, कशासाठी, तर मला सुख नको म्हणून. शिव्या द्यायला तिनं तोंड उघडलं आणि ते तसंच राहिलं. काल पाइप आणणाऱ्या नवऱ्याला तिनं स्वतः हेच सांगितलं होतं. अगदी याच शब्दांत, फक्त थोरलीच्या जागी धाकटी.

घरात लेकरू पुन्हा खोकलं. जनकाबाई अंगणातल्या भिंतीपाशी गेली.

"चतुरे, तुझा पाइप दे."

पलीकडं अडगळ सरकवल्याचा आवाज झाला. मग भिंतीवरून धूळ बसलेला पाइप आला आणि मागून चतुराबाईचा आवाज.

"लेकरासाठी देऊन राहिले. तुमच्यासाठी न्हाई."

"मला बी तुझं काही नको," जनकाबाई म्हणाली. तिनं पाइप पदरानं पुसला, भावसिंगच्या हातात दिला आणि आवाज खाली आणला.

"हिचा खाली लाव. माझा वर."